मला वेगळं येतंय

मंगळवार, ४ मार्च

ही डायरी औषधाच्या कंपनीने फुकट वाटलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी बद्धकोष्ठाच्या गोळीची जाहिरात. म्हणजे मी वर कितीही गंभीर लिहिलं तरी खाली 'पोट साफ, दिवस साफ' हे राहणारच. असो. आई होती तोवर कामावरून आले की तिच्याशी बोलायचे. शेवटी शेवटी तिला काही कळत नसायचं, पण मान हलवायची. आता मान हलवायलाही कोणी नाही, म्हणून हा खटाटोप.

आजपासून मुलांच्या वॉर्डात. बदली मीच मागून घेतली. मोठ्यांच्या वॉर्डात म्हाताऱ्या बायकांची अंथरुणं नीट करताना दर वेळी आईच आठवायची. मेट्रनबाई म्हणाल्या, "मुलांचं काम सोपं समजू नका हं." मी म्हटलं, इतकी वर्षं औषधंच देतेय.

तोंडावर आपटले. मोठ्यांना काय, एक गोळी, दोन गोळ्या, फार तर अर्धी मोडून. इथे प्रत्येक पोराचं वजन वेगळं, म्हणून प्रत्येकाचा डोस वेगळा, आणि सगळी औषधं पातळ. डॉक्टर लिहितात मिलिग्रॅममध्ये, पोराच्या तोंडात जातं ते मिलीमध्ये. मधला हिशोब आपला. किती हवं, त्याला भागायचं बाटलीत किती आहे त्याने, आणि गुणायचं ते किती मिलीत आहे त्याने. शाळेतलं त्रैराशिकच, फक्त इथे चुकलं तर मास्तर छडी मारत नाहीत, पोराला भोगावं लागतं.

गुरुवार, ६ मार्च

या वॉर्डाचा एक नियम आहे. प्रत्येक पातळ औषधाचा हिशोब दोन नर्सेसनी करायचा. वेगवेगळा, एकमेकींचं न बघता. मग आकडे बोलायचे. जुळले तर द्यायचं. नाही जुळले तर दोघींनीही पहिल्यापासून.

माझ्या जोडीला थेंबबाई होत्या. हे नाव वॉर्डाने ठेवलेलं, आणि एका थेंबावरूनही वाद घालतात म्हणून ठेवलेलं. उंच, सडसडीत, केस असे घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्या जातात. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या असाव्यात. हिशोब करताना चक्क पाठ फिरवतात. ट्रॉलीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्यांची पाठ.

मी माझं उत्तर आलं तसं सांगून टाकलं. "साडेतीन."

त्या वळल्याच नाहीत. म्हणाल्या, "आधी सांगू नका, सिस्टर. कानात आकडा पडला की डोकं काम करायचं थांबतं."

मग त्यांनी बाटली डोळ्यांजवळ धरून वाचली, पोराला पुन्हा काट्यावर ठेवलं (सकाळीच वजन केलं होतं!), आणि मग म्हणाल्या, "साडेतीन."

मी म्हटलं, तेच तर म्हणत होते. त्यावर हसणं नाही, 'बरोबर' नाही. अशा माणसाबरोबर आठ तास काढायचे म्हणजे भिंतीशी संसार. माझ्यावर यांचा विश्वास नाही हे पहिल्याच दिवशी कळलं.

सोमवार, १० मार्च

आज हसरीबरोबर होते आणि दिवस कसा गेला कळलं नाही. तिला सगळेच हसरी म्हणतात. माझ्याहून बरीच लहान, गोल चेहऱ्याची, सतत काहीतरी चघळत असते. मुलंही तिच्याकडे बघून रडायची थांबतात. मला म्हणाली, "ताई, तुम्ही आल्यात ते बरं झालं. या वॉर्डात बोलायला माणूसच नव्हतं."

मला! इतक्या महिन्यांत असं कोणी म्हटलं नव्हतं.

हिशोबाचं तिचं सुटसुटीत आहे. मी आकडा सांगते, ती म्हणते, "तुम्ही सांगितलंत म्हणजे बरोबरच असणार." किंवा ती सांगते आणि मी मान हलवते. ट्रॉली अर्ध्या वेळात फिरून होते आणि उरलेल्या वेळात चहा. विश्वास म्हणतात तो हा.

रविवार, १६ मार्च

दादाचा फोन. दर रविवारी येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काय, बरी आहेस ना?" बरी आहे म्हटलं की त्याचं निम्मं काम संपतं.

आज पुढेही होतं. वहिनीची आई त्यांच्याकडे राहायला येतेय. तिला गुडघ्यांमुळे उंच खाट लागते. "आईची ती खाट तुझ्याकडे पडूनच आहे ना?"

पडून नाहीये. आई गेल्यापासून मी तिच्यावर झोपते. तिथेच झोप लागते, दुसरीकडे नाही. हे तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं, "हो दादा, घेऊन जा की."

"वा, सुटलो," म्हणाला. "तू कधी नाही म्हणत नाहीस, म्हणून तर तुझ्याकडे मागायला बरं वाटतं."

मला छान वाटलं ते ऐकून. आपली कोणाला अडचण नाही, एवढं तरी आहे.

शनिवार, २२ मार्च

टेंपो आला आणि खाट गेली. दादा आला नव्हता, टेंपोवाल्यालाच पाठवलं. खोलीचा तो कोपरा आता उगाचच मोठा दिसतो. गादी जमिनीवर घातली आहे. पाठीला जमीन चांगली म्हणतात.

बुधवार, २६ मार्च

हसरीने तिची रविवारची ड्यूटी माझ्या गुरुवारच्या ड्यूटीशी बदलून घेतली. मागच्या रविवारचीही घेतली होती. मला काय, रविवारी घरी बसून भिंतीच बघायच्या. तिला नवरा, दोन मुलं, सासू. तिच्या संध्याकाळच्या नोंदी पण मीच पुऱ्या करते, तिची बस चुकते ना. आता मला 'अगं ताई' म्हणते, 'तुम्ही' गेलं. आपलं माणूस झाल्याशिवाय कोणी असं अगंतुगं करत नाही.

थेंबबाईंनी आज जाता जाता विचारलं, "सिस्टर, हसरीबरोबर असता तेव्हा हिशोब दोघी करता ना?"

मी म्हटलं, "म्हणजे काय, करतोच."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि गेल्या. काही लोकांना दुसऱ्यांची मैत्री बघवत नाही.

रविवार, ३० मार्च

हसरीने आज माझ्या ड्यूटीनंतर रात्री तिच्या घरी जेवायला बोलावलं होतं. मी तिच्या मुलांसाठी रंगीत खडूंच्या पेट्या घेतल्या, इस्त्रीची साडी नेसले. निघणार तेवढ्यात फोन. तिच्याकडे अचानक पाहुणे आलेत. "अगं, पुढच्या रविवारी नक्की, तुझ्या गळ्याशपथ." तिचा तरी काय इलाज. साडी घडी करून ठेवली. पुढच्या रविवारी पुन्हा इस्त्री नको करायला.

बुधवार, २ एप्रिल

आज लिहिलं नाही तर उद्या मी हे वेगळंच लिहीन, स्वतःला वाचवून. म्हणून आजच.

खिडकीजवळच्या खाटेवर एक दोन वर्षांची मुलगी आहे. तिला झटके येतात. झटक्यांचं सिरप सकाळ-संध्याकाळ, ऐंशी मिलिग्रॅम. गेले काही दिवस रोज देतोय. बाटलीत पाच मिलीला शंभर, म्हणून चार मिली. हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

आज दुपारी ती बाटली संपली आणि औषधखान्यातून नवी आली. तेच नाव, तोच रंग, तसंच खोकं. संध्याकाळच्या ट्रॉलीला मी आणि हसरी. मी बाटली हलवली आणि सवयीने लेबल वाचलं. पाच मिलीला दोनशे. दुप्पट कडक. ऐंशी भागिले दोनशे, गुणिले पाच. दोन मिली.

मला दोन आलं. हे मी शपथेवर लिहिते. मला दोन आलं होतं.

हसरी फोनवर सासूशी बोलत होती. फोन खांद्याने कानाशी धरून तिने सिरिंज उचलली आणि म्हणाली, "चार ना? रोजचंच."

मी म्हणायला हवं होतं, मला वेगळं येतंय. एवढंच. त्याला कितीसा वेळ लागतो! पण तिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हणाली, "सासूला सांगतेय, रविवारी माझी ताई येणार आहे जेवायला."

मला वाटलं, मीच चुकले असेन. ती इथे माझ्या आधीपासून आहे. आणि आत्ता मी 'थांब' म्हटलं तर तिला वाटेल मी थेंबबाईंसारखी झाले. हे सगळं एका श्वासात मनात आलं आणि मी म्हटलं, "हो. चार."

नंदीबैल परवडला. त्याला निदान भागाकार येत नसतो.

औषध मीच दिलं. पोरीने शहाण्यासारखं गालात घेऊन गिळलं. तिची आई म्हणाली, "बघा, सिस्टरचं ऐकते, माझं नाही ऐकत."

मग मी बाकीच्या खाटा करत राहिले, पण डोळा खिडकीकडे. पोरगी पेंगायला लागली. नंतर आईने हाक मारली तर डोळे अर्धवट उघडून मिटले. मी ट्रॉलीशी गेले, बाटली पुन्हा वाचली. दोनशेच होतं, दुसरं काय असणार.

हसरीला बाजूला घेऊन सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण लगेच सावरली. "अगं, झोपलीय. झोपेचंच औषध असतं ते. उद्या सकाळी उठेल टुणकन. कुठे बोलू नकोस, दोघींचीही नोकरी जाईल." आणि माझा हात हातात घेतला. "ताई, तू मला बहिणीसारखी आहेस."

मला कोणी हात धरून किती दिवस झाले होते. खरं सांगते, मी तिथे थोडा वेळ नुसती उभी राहिले. पोर खिडकीशी निपचित पडलेली आणि मी एका बाईच्या हाताची ऊब घेत उभी. याहून लाजिरवाणं मी आयुष्यात काही केलेलं नाही.

मग पोरीच्या आईने हाक मारली. घाबरलेली हाक. "सिस्टर, ही हाक मारूनही उठत नाहीये."

मी हात सोडवला आणि धावत डॉक्टरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "खिडकीजवळच्या मुलीला झटक्यांचं औषध दुप्पट गेलंय. माझ्या हातून." डॉक्टर उठले ते पळतच. ऑक्सिजनचा मास्क, बोटाला यंत्र, रक्ताचा नमुना. थेंबबाई दुसऱ्या खोलीत होत्या, त्या कुठून आल्या कळलं नाही. पोरीच्या उशाशी उभ्या राहून श्वास मोजत होत्या. मला फक्त म्हणाल्या, "बाटली आणि सिरिंज टाकू नका, डॉक्टरांना द्या."

मला घरी पाठवलं. पोर अजून झोपेतच आहे. इथे बसून मी काय करतेय? भागाकार करतेय. परत परत. दर वेळी दोनच येतंय.

गुरुवार, ३ एप्रिल

पहाटेच गेले. फाटकातल्या राखणदाराने सांगितलं, "खिडकीवाली पोर? ती उठली की. दूध मागत होती." मी तिथेच पायरीवर बसले आणि पदराने तोंड झाकून रडले. तो बिचारा पाणी घेऊन आला.

मग मेट्रनबाईंसमोर. सगळं सांगितलं. मला दोन आलं होतं आणि मी चारला हो म्हटलं, हेही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हिशोब चुकणारी नर्स मला समजते. तिला शिकवता येतं. पण बरोबर उत्तर आलेलं असताना चुकीच्या उत्तराला हो म्हणणारी? का हो, बोलला का नाहीत?"

त्यांना काय सांगणार? की रविवारी जेवायला बोलावलं होतं म्हणून?

शुक्रवार, ४ एप्रिल

निकाल असा. नोकरी राहिली, कारण वेळेत सांगितलं. पण पुढचा हुकूम येईपर्यंत औषधं फक्त थेंबबाईंबरोबर. हसरीला ताकीद देऊन दुसऱ्या मजल्यावर पाठवलं.

पोरगी खाटेत बसून चमच्याने ताट वाजवत होती. मी जवळ गेले तशी तिच्या आईने तिला उचलून कडेवर घेतलं. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं आहे, सांगायलाच हवं. ती रागावली नाही, ओरडली नाही. फक्त माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "औषध आज त्या उंच बाई देतील ना?"

मी म्हटलं, हो. हा 'हो' मात्र बरोबर होता.

रविवार, ६ एप्रिल

घरीच. दादाचा फोन आला. बरी आहे म्हटलं. वहिनीच्या आईला खाट फार आवडली म्हणे.

सोमवार, ७ एप्रिल

जिन्यात हसरी भेटली. मी थांबले. ती तिच्या नव्या मैत्रिणीबरोबर होती. मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "काही माणसं खाल्ल्या मिठालाही जागत नाहीत."

तिच्याकडे मीठ खायचा योग कधी आलाच नाही, हे मला दोन जिने चढून गेल्यावर सुचलं. मला चोख उत्तर नेहमी असंच उशिरा सुचतं. पण हसू नाही आलं. खरं तर मी थांबले होते ते तिने काहीतरी बोलावं म्हणून. रागाने का होईना.

डबा आता सामानाच्या खोलीत खाते. तिथे कोणी नसतं, म्हणजे कोणी उठून दुसरीकडे बसायचाही प्रश्न नाही.

सोमवार, १४ एप्रिल

थेंबबाईंबरोबर दुसरा आठवडा. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं माझं झालं आहे. एक एक लेबल तीनदा वाचते. त्या घाई करत नाहीत. मी पाठ फिरवते, त्या पाठ फिरवतात. दोन पाठी हिशोब करतात आणि मग वळून आकडे बोलतात. आजवर प्रत्येक वेळी जुळले.

आज मी धीर करून विचारलं, "तुम्ही मला रागावला नाहीत."

"रागावून काय होणार? आकडे जुळताहेत ना?"

मग सिरिंज वर धरून त्यातला बुडबुडा काढता काढता म्हणाल्या, "उत्तर यायच्या आधी मनात अंदाज बांधत चला. एवढंसं पोर, एवढंसं औषध. हातात धरलेलं जास्त वाटलं तर थांबायचं. कोणीही काहीही म्हणो."

एवढं लांब वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या. बाकी दिवसभर मिली, मिलिग्रॅम आणि किलो. घरी येऊन रेडिओ लावते, त्यातली माणसं बोलतात, मी भांडी घासते.

शनिवार, १९ एप्रिल

आज थेंबबाई उशिरा आल्या. त्या आणि उशिरा! कालचाच गणवेश होता, बाहीवर चहाचा डाग. केस नुसते गुंडाळलेले, कपाळावर बटा. मला वाटलं विचारावं, पण विचारायची आमची रीत नाही. सकाळच्या ट्रॉलीआधी दोनदा बाहेर जाऊन फोन करून आल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा डोळे धुतलेले दिसत होते. उन्हाळ्यात धूळ फार असते.

पहिली खाट, छातीत कफ झालेलं बाळ. वजन दहा किलो. डॉक्टरांनी लिहिलेलं, दिवसाला किलोमागे तीस मिलिग्रॅम, तीन वेळा विभागून. बाटलीत पाच मिलीला एकशे पंचवीस. मी पाठ फिरवून केलं. दिवसाचे तीनशे, एका वेळचे शंभर. चार मिली.

वळले. त्या म्हणाल्या, "बारा."

त्यांच्या तोंडून आलेला आकडा. थेंबबाईंच्या! माझे कान तापले. मनात तेच सगळं पुन्हा एका श्वासात आलं. मीच चुकले असेन. या कधी चुकत नाहीत. आणि माझ्याशेजारी उभं राहणारं या इमारतीत आता एवढं एकच माणूस आहे. या पण गेल्या तर? ट्रॉलीची कड धरली होती, ती सोडवेना. समोर बाळ बोट चोखत माझ्याकडे बघत होतं. एवढंसं पोर. बारा मिली म्हणजे त्याच्या गालात मावणारसुद्धा नाही.

आवाज फुटला तो इतका मोठा की पलीकडच्या खाटेवरच्या बायकांनी वळून पाहिलं.

"मला वेगळं येतंय."

थेंबबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सिरिंज ठेवतील आणि जातील, की तुम्ही मला शिकवणार? मी डोळे मिटून घेतले, खरंच मिटले, शाळेतल्या पोरीसारखे.

"परत करू," त्या म्हणाल्या.

दोन पाठी. यावेळी त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी वळून उभी होते तरी त्यांची पाठ वळत नव्हती. खांदे मात्र थोडे हलत होते. मग त्या वळल्या.

"चार. तिनाने भागायचं राहिलं माझं."

"चार," मी म्हटलं.

त्यांनी सिरिंज भरली, डोळ्यांसमोर धरली, मग माझ्या डोळ्यांसमोर धरली. मी रेघ पाहिली आणि मान हलवली. बाळाला औषध त्यांनीच पाजलं. नंतर हात धुताना नळाकडे बघूनच म्हणाल्या, "बरं झालं बोललात." आणि ट्रॉली पुढच्या खाटेकडे ढकलली. मी दुसऱ्या बाजूने हात लावला.

घरी आले. कोणाला सांगणार, म्हणून इथे लिहिते. आज मी एका माणसाला नाही म्हटलं, आणि ते माणूस उठून गेलं नाही.